डबीवरचं बाळ

फोटो एक वाजता काढायचा, असं अम्मा व्हाल्डिसने ठरवलं होतं. फेब्रुवारीत गोठलेल्या सरोवरावरचा उजेड बैठकीच्या मोठ्या खिडकीतून आत येतो तो तेवढा तासभरच, आणि त्या उजेडात बाळाचं अंग लोण्यासारखं दिसतं, असं तिचं म्हणणं. अम्माने ठरवलं म्हणजे ठरलं. त्या घरात सूर्यालासुद्धा आपल्या सोयीने यायची मुभा नव्हती.

इंगुन साडेअकराला मागच्या दाराने आत शिरली, तेव्हा खिडकीखाली मेंढीचं कातडं अंथरून तयार होतं. पांढरंशुभ्र, दाट लोकरीचं, मधोमध जरासं चेपलेलं. त्या चेपलेल्या जागी आजवर तीन बाळं बसली होती. पहिलं बाळ खुद्द अम्मा, आता शहाऐंशी वर्षांची. दुसरं तिची मुलगी इंगुन, बासष्टची. तिसरा इंगुनचा मुलगा आर्नी, वय एकतीस, वजन शंभर किलो; तो आता बसला असता तर कातडं शोधावं लागलं असतं. तिघांचेही उघडे-वाघडे फोटो एकामागून एक सोल्वेगच्या मलमाच्या डबीवर आले होते. सोल्वेग म्हणजे अम्माची आई. तिने मेंढीच्या लोकरीची चरबी आणि पॉप्लरच्या झाडाच्या चिकट कळ्या एकत्र कढवून हे मलम केलं, आणि तेव्हापासून भेगा, भाजणं, चिलटं, नांगी, सर्दी, संधिवात, गायीचं आचळ, सगळ्याला तेच. सँडविक गावात माणूस मेला तरच मलम लावायचे थांबत, आणि तेही जरा वेळ वाट बघून.

आज चौथ्या बाळाची पाळी होती. आर्नीची लेक लिल्या, चौदा महिन्यांची.

"पाय पुसून ये," अम्मा खुर्चीतून म्हणाली. "आणि हातमोजे ते नव्हेत, लेसचे घाल. फोटोत आपणही उभे राहणार आहोत."

"हो मम्मा," इंगुन म्हणाली. अख्खं गाव व्हाल्डिसला अम्मा म्हणायचं, म्हणजे आजी. मम्मा म्हणणारी पोटची दोघंच.

इंगुनच्या हातात वर्षाचे बारा महिने पांढरे सुती मोजे असत. चर्चमध्ये, दुकानात, मागच्या शेडमध्ये मलमाची कढई ढवळतानाही. लोकांना वाटे, केवढी ही स्वच्छता! अम्मा पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, "माझ्या इंगुनचे हात जपावे लागतात. तीस वर्षं मलम ढवळतेय, लोण्यासारखे झालेत." झाकली मूठ सव्वा लाखाची. मोज्यांच्या आत काय आहे ते इंगुनला माहीत होतं आणि धुण्याच्या मशीनला. बाकी कुणाला नाही.

पण आज ती धास्तावली होती ती हातांसाठी नव्हे. गुरुवारी तिने जे बघितलं, त्यासाठी.

गुरुवारी सुनेची, मिरेलची, शाळेत मीटिंग होती म्हणून ती नातीला सांभाळायला गेली. दार उघडलं तर मिरेल पोरीला चक्क ओले कपडे घालत होती. बाहेर उणे अठ्ठावीस!

"अगं, वेड लागलं का तुला? न्यूमोनिया होईल ना पोरीला!"

"नाही होत," मिरेल बटणं लावता लावता म्हणाली. ती विनिपेगमधल्या सेंट बोनिफेसची, फ्रेंच घरातली, शाळेत शिकवणारी. एकदा समजावायला लागली की समोरच्याला पाटी-पेन्सिल घेऊन बसावंसं वाटे. "आधी कोमट पाण्याची आंघोळ. मग जिथे लाल आहे तिथे औषध. मग अंगभर हे जाड थापायचं. त्यावर ओले सुती कपडे, त्यावर कोरडे. हॉस्पिटलमधल्या नर्सने शिकवलंय. घर गरम आहे, आणि दोन-तीन तासांनी बदलायचे. अम्माला मात्र सांगू नका हं."

आणि ती गेली. लिल्या झोपली ती अडीच तास झोपली. इंगुन पाळण्याशेजारी कान देऊन बसून राहिली. पोरगी चार महिन्यांची झाल्यापासून त्या घरात एक आवाज कायम असायचा: नखांचा. खर्र, खर्र. हातांवर मोजे बांधले तर ती गाल चादरीला घासायची, चादर काढली तर गुडघ्याने गुडघा. सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके. आणि त्या दिवशी तो आवाज नव्हता. इंगुनला इतकं चुकल्यासारखं झालं की तिने दोनदा पोरीच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं.

मग ती न्हाणीघरात गेली. फळीवर मलमाची डबी होती, झाकणावर छोटा आर्नी हसत होता. सवयीने तिने ती उघडून हुंगली, आणि काहीच वास आला नाही. पॉप्लरचा तो गोडसर, नाकात घुसणारा वास मेलेल्याला उठवतो, आणि इथे काही नाही. आत साधं व्हॅसलिन होतं. डबीमागे डॉक्टरने लिहून दिलेली ट्यूब.

हे बघितल्यावर शहाण्या सासूने करावं तेच इंगुनने केलं. झाकण लावलं आणि कॉफी प्यायला बसली.

*

बारा वाजता लौगा मावशी आली, अम्माची धाकटी बहीण, ऐंशीची, हातात सात थरांचा आलुबुखाराचा केक. या केकवर साखरेचं आयसिंग लावायचं की नाही यावरून दोघी बहिणी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर ते एक्क्याऐंशी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मावशीच्या केकवर आयसिंग नव्हतं.

"उघडाच आणलास," अम्मा म्हणाली.

"आज सगळं उघडंच आहे ना," मावशी म्हणाली. "कुठेय पोर? बरी आहे का? मी सांगितलं होतं ओट्सच्या पिठाने आंघोळ घाला. आणि शेळीचं दूध. आमच्या शेजारणीच्या भाचीच्या पोराला अंडी बंद केली आणि आठ दिवसांत, काय सांगू, आरशासारखा! मग अंडी सुरू केली, तरी आरशासारखाच."

"मग अंडी कशाला बंद केली होती?" इंगुनने विचारलं.

"म्हणून तर आरशासारखा!"

तेवढ्यात ब्रागी आला, इंगुनचा धाकटा भाऊ. मलमाच्या विक्रीचं सगळं तो बघायचा. गळ्यात कॅमेरा, हातात फोन, बगलेत खोका. खोक्यात नव्या डब्यांची झाकणं होती. कडेने गोल अक्षरं छापून तयार: 'चौथी पिढी, तीच कांती.' मधला गोल कोरा.

"छापूनही आणलीस?" इंगुन म्हणाली. "फोटो अजून निघायचाय."

"अगं, निघेलच ना. बाळ काय पळून जातंय?" ब्रागीने झाकण खिडकीच्या उजेडात धरून मान तिरकी केली. "फक्त ते गाल. नाताळात बघितलं तेव्हा भाजलेल्या बिटासारखे होते. पण फोनवर हल्ली सगळं पुसता येतं."

नाताळाचं नाव निघालं तशी इंगुन सगळ्यांना कॉफी ओतू लागली. नाताळात अम्माने स्वतः लिल्याला मांडीवर घेऊन गुडघ्यांच्या मागे मलम चोळलं होतं. पोरगी गाडीत घरापर्यंत किंचाळत गेली. नवीन वर्ष लागलं तेव्हा गुडघ्यांच्या मागून पाणी गळत होतं आणि मिरेल तिला घेऊन विनिपेगच्या हॉस्पिटलात बसली होती. घरच्यांनी त्याला 'कडाक्याची थंडी' असं नाव दिलं. अम्माचं निदान त्याहून सोपं होतं: मलम कमी पडलं. तिने ताबडतोब सहा डब्या पाठवल्या. या घराण्यात कुणाला मलमाने पुरळ आलं की त्यावर मलम लावत, आणि पुरळ वाढलं की थर वाढवत. कुंपणानेच शेत खाल्लं तर हे लोक आणखी एक कुंपण घालणारे.

साडेबाराला आर्नीची गाडी दारात लागली.

आर्नी आधी आला, आईच्या नजरेला नजर न देता बूट काढत बसला. मग मिरेल आत आली आणि तिने लिल्याची टोपी काढली. कॉफी पिताना लौगा मावशीने दातांत धरलेला साखरेचा खडा कपात पडला.

गाल गुलाबी होते. नुसते गुलाबी, निरोगी पोरांचे असतात तसे. भुवया परत आल्या होत्या. मनगटांच्या सुरकुत्यांत थोडा तांबूस रंग होता, कानामागे एक कोरडा डाग, बस्स. आणि पोरगी हसत होती. या घरातल्या कुणी तिला धड हसताना पाहिलं नव्हतं. खाजवण्यातून तिला वेळच कुठे मिळायचा!

"बघा!" अम्मा म्हणाली. ती उठून उभी राहिली, काठीशिवाय. "बघा! मी काय म्हणत होते? सहा डब्या! सहा डब्या लागल्या, पण शेवटी कुणाचं मलम आहे?"

"सोल्वेगचं!" ब्रागी ओरडला आणि लगेच फोन मिरेलच्या तोंडासमोर धरला. "मिरेल, दोनच वाक्यं बोल. आई म्हणून. 'मी आशा सोडली होती,' असं सुरू कर."

मिरेल फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अम्माच्या डबीतलंच लावते रोज."

यातला शब्द न् शब्द खरा होता. इंगुनला हसू आलं आणि त्याच वेळी घामही फुटला.

"आणखी थोडं रडवेलं बोल ना," ब्रागी म्हणाला.

"आता पुरे," अम्मा म्हणाली. "कपडे काढा पोरीचे. उजेड यायला लागला. पहिलं बोट मी लावते, मग फोटो."

मिरेलने मान वळवली. "कसलं बोट?"

सगळ्यांनी आर्नीकडे बघितलं. आर्नीने छताकडे बघितलं.

"अगं, तुला माहीत नाही?" लौगा मावशी उत्साहाने सांगू लागली. "फोटोआधी घरातली थोरली बाई बाळाला डोक्यापासून पायापर्यंत मलम चोळते. नवी डबी फोडून. त्याशिवाय अंग चमकत नाही ना. त्यालाच पहिलं बोट म्हणतात."

"लिल्याला जरा पाणी पाजते," मिरेल म्हणाली आणि पोरीला उचलून स्वयंपाकघरात गेली. तिच्यामागे आर्नी. आर्नीच्या मागे इंगुन.

*

"तुला माहीत होतं!" मिरेलचा आवाज दबका होता, पण त्याने कपबशा हलल्या असत्या. "तुला माहीत होतं आणि तू मला गाडीत बसवून आणलंस!"

"अगं, एवढंसं तर लावायचं असतं," आर्नी म्हणाला. "फोटो झाला की पुसून टाकू. मलाही लावलं होतं, मला काही झालं नाही."

"तुला घोड्याची कातडी आहे!"

"मिरेल, अम्मा शहाऐंशीची आहे. तिचं मन मोडायचं का?"

"आणि ही चौदा महिन्यांची आहे. हिची कातडी मोडायची का?" मिरेलचे डोळे भरले. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ऐकलं होतंस ना तू? घराला आग लागलीय, आधी ती विझवा, रंग नंतर लावा. सात आठवडे विझवतेय मी. सात आठवडे! हे बरं झालेलं नाहीये, आर्नी. नुसतं आटोक्यात आलंय. आत्ता हिच्या अंगावर ते पॉप्लर चोळलं, की उद्या आपण परत हॉस्पिटलात."

"मी बोलते मम्माशी," इंगुन म्हणाली.

मिरेलने तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं, पण ती दमून पाहत होती.

"तुम्ही? नाताळात तुमच्यासमोर चोळलं, इंगुन. तुम्ही कॉफी ओतत होता. गुरुवारी तुम्ही डबी उघडून बघितलीत. झाकण उलटं लावलं होतं तुम्ही. मला वाटलं, आता तरी काही विचारतील. तुम्ही म्हणालात, बर्फ फार पडलाय."

इंगुनने खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ खरंच फार पडला होता.

"मी हिला घेऊन आईकडे जाते," मिरेल म्हणाली. "आज. आणि पुन्हा या घरात आणणार नाही. तू ये नाहीतर नको येऊस."

"अगं मिरेल..."

"अरे!" बैठकीतून अम्माची हाक आली. "पाणी पाजताय की विहीर खणताय? उजेड चालला!"

मिरेल दाराकडे निघाली, पण तिचा कोट बैठकीतल्या खुंटीवर होता. लहान घराची हीच तर गंमत असते. भांडून निघून जायचं म्हटलं तरी ज्यांच्याशी भांडलो त्यांच्यामधूनच जावं लागतं.

ती बैठकीत शिरली तशी लौगा मावशीने दोन्ही हात पसरून लिल्याला अलगद काढून घेतलं. ऐंशी वर्षांची, पण पोरं पळवण्यात पटाईत. मिरेलच्या तोंडून शब्द फुटायच्या आत अंगरखा निघाला, मोजे निघाले आणि पोरगी मेंढीच्या कातड्यावर, बरोबर त्या चेपलेल्या जागी. लोकर टोचली तशी तिने लगेच मांडी खाजवायला हात नेला.

"लंगोट राहू दे?" ब्रागीने विचारलं.

"डबीवर लंगोट नसतो," अम्मा म्हणाली.

अम्माने नवी डबी फोडली. पॉप्लरचा वास खोलीभर झाला. इंगुनच्या बोटांची आग त्या नुसत्या वासाने जागी झाली, रोज सकाळी शेडचं कुलूप काढताना व्हायची तशी. तिने समोर पाहिलं. अम्मा वाकली होती. तर्जनीवर पिवळट मलमाचा हा मोठा गोळा. मिरेल पुढे झाली, पण कॅमेरा डोळ्याला लावलेला ब्रागी मध्ये होता. "अम्मा, थांबा!" ती म्हणाली, आणि मावशीने "घाबरू नको गं, गार असतं" म्हणून तिचा दंड धरला. आर्नी मात्र भिंतीला टेकून उभा होता, आणि भिंत त्याच्यापेक्षा जास्त काहीतरी करत होती.

बोट लिल्याच्या पाठीपासून वीतभर राहिलं, आणि मध्ये एक हात आला. लेसचा पांढरा मोजा घातलेला. मलमाचा गोळा त्यावर बसला.

"इंगुन!" अम्मा म्हणाली. "काय हे? मोजा खराब झाला ना."

"होऊ दे."

"बाजूला हो."

"नाही होत, मम्मा."

त्या घरात हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. ब्रागीने कॅमेरा खाली केला.

इंगुनने मोजा काढला. लेस एका ठिकाणी चिकटली होती, तिथे ती ओढावी लागली. मग दुसरा काढला. दोन्ही हात तिने खिडकीच्या त्या सुप्रसिद्ध उजेडात धरले. बोटांच्या पेरांवर भेगा, जुन्या आणि नव्या. मनगटापर्यंत लाल, जाड, झाडाच्या सालीसारखी कातडी. अंगठ्याच्या बेचक्यात रक्त.

"अगो बाई!" लौगा मावशी म्हणाली, आणि तिने मिरेलचा दंड सोडला. मिरेलने तेवढ्यात पोरीला उचलून अंगरख्यात गुंडाळलं.

"हे कधीपासून?" अम्माने विचारलं.

"एक्क्याण्णवपासून. तू मला शेडमध्ये उभी केलीस त्या हिवाळ्यापासून."

"साबणाने झालं असेल."

"साबण सोडून वीस वर्षं झाली, मम्मा."

"मग मलम कमी..." अम्मा म्हणाली आणि स्वतःच थांबली.

"लिल्याला तुझ्या डब्यांनी बरं वाटलेलं नाही," इंगुन म्हणाली. एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर बंद कशाला करायचं! "तुझं मलम बंद केलं म्हणून बरं वाटलं. तुझ्या डबीत व्हॅसलिन आहे. सुंठेवाचून खोकला गेला म्हणायचीही सोय नाही, कारण डॉक्टरचं औषध आहे, रोजची दोनदा आंघोळ आहे, ओले कपडे आहेत. मिरेलने सात आठवडे राबून पोरीची कातडी परत आणली आणि तू वर श्रेय घेतेयस."

"डॉक्टरचं कसलं औषध?" ब्रागीने विचारलं.

"स्टेरॉइडचं मलम," मिरेल म्हणाली.

"स्टेरॉइड!" ब्रागी दोन पावलं मागे सरकला. "ते वजन उचलणारे घेतात ते? अगं, पोरीला दाढी येईल!"

"ते वेगळं, हे वेगळं. हे सौम्य असतं, जिथे लाल तिथेच लावायचं, सांगितलं तितके दिवस, सांगितलं तितकंच."

"पण कातडी पातळ होते म्हणे. इंटरनेटवर..."

"ब्रागी मामा, कातडी होतीच कुठे पातळ व्हायला?"

"तरी मी म्हणत होते, शेळीचं दूध..." लौगा मावशीने सुरू केलं.

"लौगा, गप्प बस," अम्मा म्हणाली. तिने बोटावरचं उरलेलं मलम डबीच्या काठावर पुसलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. "म्हणजे माझ्या घराण्यात, माझ्या पाठीमागे, माझ्या आईच्या डबीत दुसरंच काही भरलं. फसवलंत मला. शरम नाही वाटली? पंच्याऐंशी वर्षं या डबीवर खोटं बाळ कधी बसलं नाही!"

लौगा मावशीने कप खाली ठेवला. अठ्ठ्याहत्तर ते एक्क्याऐंशीचा हिशेब बहुधा तिच्या मनात अजून पुरता मिटला नसावा.

"व्हाल्डिस," ती म्हणाली, "लोण्याचं सांग ना त्यांना."

"कसलं लोणी?" इंगुनने विचारलं.

"गप्प बस म्हटलं ना, लौगा!"

"साठ वर्षं गप्पच बसलेय. वाटी मीच आणली होती तळघरातून, अठरा वर्षांची होते." मावशी इंगुनकडे वळली. "तुझ्या फोटोच्या दिवशी तुला मलम लावलंच नव्हतं गं. लोणी लावलं होतं. आमची आई सोल्वेग समोर बसलेली, तिला दिसायचं कमी झालं होतं. व्हाल्डिसने डबीतलं बोट वाटीत बुडवलं आणि तुला चोळलं. मांजर सारखं तुझ्या मागे लागलं होतं. फोटोत कोपऱ्यात शेपूट आहे बघ त्याचं."

ब्रागीने नमुन्यासाठी आणलेली इंगुनची जुनी डबी खिशातून काढून खरंच बघितलं. "मला वाटायचं, ती फांदी आहे," तो म्हणाला.

इंगुन आईकडे बघत राहिली. आयुष्यभर गावात तिची ओळख 'डबीवरची इंगुन' अशीच होती. लग्नात, शाळेत, नवऱ्याच्या मयतीला आलेल्या माणसांतही कुणीतरी म्हणालं होतं, काय कांती होती हो तुमची.

"का?" तिने विचारलं.

अम्मा खुर्चीत बसली.

"तू तांबडीभडक व्हायचीस," ती म्हणाली. "लावलं की व्हायचीस. दोनदा फोटो पुढे ढकलला. तुझे वडील तुला गुपचूप विनिपेगला डॉक्टरकडे घेऊन गेले. पण आईला कसं सांगायचं? तिचं सगळं आयुष्य त्या कढईत गेलं होतं. तिला सांगायचं, की तुझ्या मलमाने तुझी नात भाजते?"

"म्हणजे तुला माहीत होतं," इंगुन म्हणाली. तिचा आवाज चढला. "मला ते झोंबतं हे तुला माहीत होतं, आणि तरी तू मला तीस वर्षं त्या कढईपाशी उभी केलीस?"

"मला वाटलं, मोठी झाल्यावर गेलं असेल. तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस! उलट म्हणायचीस, मोजे छान दिसतात, मालाला शोभतात. मी डबीवर होते, मम्मा! मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

अम्माने मलमाच्या डबीवर झाकण लावलं. आर्नीने भिंत सोडली. तो पुढे आला, मिरेलच्या हातातून पोरीला घेतलं आणि कातड्यावरून दूर, सुती चादर टाकलेल्या कोचावर बसवलं. "हिला कुणी काही लावणार नाही," तो म्हणाला. उशीर झाला होता, पण मिरेलने कोट खुंटीवरून काढला नाही.

"ते सगळं ठीक," ब्रागी चाचरत म्हणाला. त्याच्या मांडीवर कोऱ्या झाकणांचा खोका होता. "पण मग मी डबीवर लावू काय?"

"मेंढी लाव," अम्मा म्हणाली.

"काय?"

"मेंढीचा फोटो लाव. तिला त्या चरबीने कधी खाज आल्याचं ऐकलं नाही. आणि खाली छाप, लहान मुलांना लावू नये." तिने नाक ओढलं. "आचळांना चालतं. गायींची तक्रार नाही."

लौगा मावशी फिस्सकन हसली. हसता हसता तिने केक कापला आणि पहिला तुकडा बहिणीला दिला. अम्माने तो घेतला, आयसिंगविना.

उजेड खिडकीतून सरकून भिंतीवर गेला होता. लिल्या कोचावर मावशीने दिलेला केकचा थर चोखत होती. अम्माने मिरेलला खुणेने बोलावलं.

"तुझी ती डबी आहे का बरोबर? खोटी?"

मिरेलने पिशवीतून काढून दिली. अम्माने झाकणावरच्या छोट्या आर्नीकडे पाहिलं, डबी उघडली, नाकाशी नेली.

"याला तर कशाचाच वास नाही."

"म्हणूनच चालतं," मिरेल म्हणाली.

"हिच्या हातांना तुझी ती ट्यूब चालेल?"

"ती लिल्याची आहे. इंगुनना त्यांच्या हातांसाठी डॉक्टर वेगळं देतील. उद्या मीच घेऊन जाते." तिने सासूकडे पाहिलं. "तोवर हे लावा. जाड लावायचं, अगदी थापल्यासारखं. आणि चोळायचं नाही, लव असते त्या दिशेने नुसतं खाली ओढायचं."

"चोळायचं नाही," अम्माने म्हणून बघितलं. शहाऐंशी वर्षं ती चोळतच आली होती. तिने इंगुनला समोरच्या स्टुलावर बसायची खूण केली. "दे हात."

"मी लावीन घरी, मम्मा."

"दे म्हटलं ना."

इंगुनने हात दिले. अम्माने तर्जनी बुडवली, आणि पहिल्यांदा हळूच अंगठ्याच्या बेचक्यात टेकवली. मग एकेका बोटावरून खाली, पेरांवरच्या भेगांशी जरा थांबत. अर्ध्या हातावर आल्यावर ती थांबली आणि तिने मान वर केली.

"झोंबतंय का?" तिने विचारलं.

बासष्ट वर्षांत तिने पहिल्यांदाच हे विचारलं होतं. इंगुनने मान हलवून नाही म्हटलं. मग तिला रडू फुटलं, आणि ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडली. अम्मा तिच्या दुसऱ्या हाताला व्हॅसलिन लावत राहिली.